एकसष्टावं मूल

शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत किती मुलांमागे किती शिक्षक, याचा हिशेब तिच्यात आहे. पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असेल तर तीन, ९१ ते १२० असेल तर चार. म्हणजे साठ मुलांच्या शाळेत दोन गुरुजी पाच इयत्ता ओढणार आणि एकसष्टावं मूल दाखल झालं की तिसरं पद मंजूर होणार. महाराष्ट्रात हा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो आणि त्याला संचमान्यता म्हणतात. जून उजाडला की जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक वाड्यावस्त्यांवर घरोघर फिरून ‘पोराला आमच्याकडेच घाला’ असं विनवत असतात. त्यात कळकळ असतेच, पण हा आकडाही असतो. पट घसरला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जाऊन बसतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण वर्गात कुठेच नसलेली मुलं मोठ्या संख्येनं निघाली. पदं आणि अनुदान संख्येवर मिळत असतील, तर संख्या फुगणारच.

इतकं सगळं ज्या आकड्याभोवती फिरतं, त्याचा मुलांच्या शिकण्याशी नेमका संबंध किती? पालकांना विचारा, उत्तर तयार असतं: वर्गात मुलं जितकी कमी तितकं बरं. शिक्षकही तेच सांगतात. अभ्यासकांमध्ये मात्र यावर गेली चाळीसेक वर्षं वाद चालू आहे आणि तो वाद पोकळ नाही.

अडचण अशी, की नुसते आकडे गोळा केले तर ते उलटंच सांगतात. शहरातल्या नावाजलेल्या शाळेत एकेका तुकडीत पन्नास-साठ मुलं असतात आणि निकाल दृष्ट लागण्यासारखा. डोंगरातल्या एखाद्या वस्तीशाळेचा सगळा पट बारा आणि तिसरीतल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. यावरून मोठा वर्ग चांगला म्हणायचा का? नावाजलेली शाळा चांगली आहे म्हणून तिथे गर्दी होते, गर्दीमुळे ती चांगली झालेली नाही. शिवाय तिथल्या मुलांच्या मागे शिकलेले आईबाप, शिकवण्या आणि घरात अभ्यासाचं टेबल असतं. काही शाळा कच्च्या मुलांची मुद्दाम छोटी तुकडी करतात, मग छोट्या तुकडीचा निकाल कमी दिसतो. वर्गाचा आकार हे कारण आहे की दुसऱ्याच कशाचा परिणाम, हे अशा तुलनेतून कधीच उमगत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो, आणि प्रयोग म्हणजे मुलांना चिठ्ठ्या टाकून वर्ग वाटून द्यायचे. कोणते आईबाप याला तयार होतील?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ते झाले. हेलन पेट-बेन या तिथल्या जुन्या शिक्षिका छोट्या वर्गांसाठी बरीच वर्षं आग्रह धरून होत्या. विधिमंडळातल्या लोकांना कल्पना पटत होती, पण खर्च पाहून त्यांचे डोळे पांढरे होत होते. शेवटी त्यांनी ठरवलं, की आधी नीट तपासून घेऊ, मग पैसे ओतू. सरकारं इतकी शहाणी क्वचितच वागतात. १९८५ साली ७९ शाळांमध्ये ‘स्टार’ नावाचा प्रयोग सुरू झाला. प्रत्येक शाळेत बालवर्गातली मुलं तीन प्रकारच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली: १३ ते १७ मुलांचा छोटा वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग आणि २२ ते २५ मुलांचाच पण शिक्षकाच्या जोडीला पूर्णवेळ मदतनीस असलेला वर्ग. शिक्षकही तसेच वाटले. चार वर्षं, म्हणजे तिसरीपर्यंत, मुलं त्याच प्रकारच्या वर्गात राहिली. या काळात एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं प्रयोगातून गेली आणि खर्च आला सव्वा कोटी डॉलरच्या आतबाहेर. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी नंतर या प्रयोगाची गणना शिक्षणातल्या सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासांमध्ये केली.

निष्कर्ष असा निघाला: शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीनं उभी केली आणि त्यात मधोमध उभं असलेलं एक मूल छोट्या वर्गात घातलं, तर पहिल्याच वर्षाअखेर ते साधारण चार जागा पुढे सरकतं. पुढच्या प्रत्येक वर्षी त्यात एखाद्या जागेची भर पडते. अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञानं १९९९ साली जुनी आकडेवारी नव्यानं तपासून हे हिशेब पक्के केले. गरीब घरांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांना हा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. चौथीत सगळी मुलं परत मोठ्या वर्गात गेली. अंतर थोडं आक्रसलं, पण पुसलं गेलं नाही. पुढे ही मुलं मोठी झाली तेव्हा असं दिसलं, की कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या प्रमाणातली दरी छोट्या वर्गातल्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त भरून निघाली होती. २०११ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मुलं कराच्या नोंदींमधून शोधून काढली. छोट्या वर्गातली मुलं विसाव्या वर्षी कॉलेजात असण्याची शक्यता सुमारे दोन टक्क्यांनी जास्त होती. सत्ताविसाव्या वर्षीच्या कमाईत मात्र दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

चार जागा. हे थोडं की फार? शिक्षणात कुठल्याही एका उपायानं मूल चार जागा पुढे जाणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी वर्ग बावीस-तेवीसवरून पंधरावर आणावा लागला, म्हणजे जवळपास निम्मे शिक्षक आणि निम्म्या खोल्या वाढवाव्या लागल्या. पाच-दहा टक्के मुलं कमी करून हा लाभ मिळत नाही. आपल्याकडे साठाची तुकडी पंचावन्नवर आली की पत्रक काढून समाधान मानलं जातं. शिकण्याच्या दृष्टीनं त्याला फारसा अर्थ नाही.

या प्रयोगातला एक निष्कर्ष मात्र कुणी फारसा सांगत नाही. मदतनीस असलेल्या वर्गाचा निकाल नेहमीच्या वर्गापेक्षा जवळजवळ काहीच वेगळा लागला नाही. वर्गात दोन मोठी माणसं असूनही मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मुंबईत आपल्याला याच्या अगदी उलट गोष्ट भेटणार आहे.

टेनेसीचा निकाल ऐकून कॅलिफोर्नियाला घाई झाली. १९९६ च्या उन्हाळ्यात गव्हर्नर पीट विल्सन यांनी जाहीर केलं, की बालवर्ग ते तिसरीच्या वर्गात वीसपर्यंतच मुलं ठेवणाऱ्या शाळांना मुलामागे ६५० डॉलर मिळतील. तोवर तिथे वर्गात तिशीच्या आसपास मुलं असत. पैसे मोठे आणि मुदत काही आठवड्यांची. वाचनालयं आणि व्यायामशाळा मोकळ्या करून त्यांत वर्ग भरले, मैदानांत पत्र्याच्या खोल्या आल्या. शिक्षक आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेल्या शिक्षकांचं प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होतं, ते दोन वर्षांत बारा टक्क्यांच्या वर गेलं. त्यातही चांगल्या वस्तीतल्या शाळांत नव्या जागा निघाल्या आणि गरीब वस्तीतले अनुभवी शिक्षक तिकडे सरकले. म्हणजे ज्यांना छोट्या वर्गाचा सर्वांत जास्त उपयोग, त्यांच्याच वाट्याला कच्चे शिक्षक आले. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की वर्ग लहान झाल्याचा फायदा खरा होता, पण नवख्या शिक्षकांमुळे त्याचा मोठा भाग वाहून गेला. दहाएक वर्षांनी मंदी आली आणि वर्ग परत फुगले.

वर्ग लहान झाल्यावर नेमकं होतं काय? स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझियर यांनी २००१ साली याचं एक साधं गणित मांडलं. वर्गात शिकवणं तेव्हाच चालू राहतं, जेव्हा एकही मूल अडथळा आणत नसतं. कुणाची पेन्सिल तुटली, कुणाला शू लागली, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढला, कुणाला उदाहरण कळलंच नाही आणि त्यानं हात वर केला, की शिक्षक थांबतो आणि बाकी सगळी थांबतात. समजा, प्रत्येक मूल १०० पैकी ९८ क्षण शांतपणे शिकतंय. गुणी मूलच म्हणायचं. पण अशी १५ मुलं एकत्र आली, तर सगळी एकाच वेळी शांत असण्याचे क्षण उरतात १०० पैकी ७४. तीस मुलं असतील तर ५५. साठ मुलं असतील तर ३०. एकेकटी सोन्यासारखी असलेली साठ मुलं मिळून तासाचा सत्तर टक्के वेळ खातात आणि यात कुणाचाच दोष नसतो.

या गणितात आणखी एक गंमत दडलेली आहे. मुलं १०० पैकी ९८ ऐवजी ९९ क्षण शांत असतील, तर साठांच्या वर्गातही ५५ क्षण मिळतात. म्हणजे शिस्तीत अगदी एका टक्क्याचा फरक पडला, तर साठांचा वर्ग तिसांच्या वर्गाइतका चालतो. नावाजलेल्या शाळांतल्या भरगच्च तुकड्या आणि कोचिंग क्लासमधल्या शे-दीडशेच्या बॅच कशा चालतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. त्या बॅचमध्ये सोळा-सतरा वर्षांची, चाळणी लावून घेतलेली, फी भरून आलेली पोरं असतात. फळ्याकडे बघून उतरवून घेण्याचं काम शंभरात झालं काय किंवा दोनशेत झालं काय, सारखंच. जपाननंही मुलांच्या शिस्तीच्या जोरावर चाळिसाची मर्यादा कित्येक वर्षं चालवली. तरी २०२१ साली कायदा बदलून प्राथमिकच्या सगळ्या इयत्तांसाठी ती ३५ वर आणायचं त्यांनी ठरवलंच.

पहिलीतल्या मुलाचं तसं नाही. त्याला बाईंनी हात धरून अक्षर गिरवून घ्यावं लागतं, त्याचं वाचन कान देऊन ऐकावं लागतं. ३५ मिनिटांच्या तासाला ६० मुलांनी एकेक करून वाचायचं म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात, तेही बाईंनी मध्ये श्वास न घेता. मूल ‘कमळ’चा ‘क’ लावून ‘म’पर्यंत पोचतं न पोचतं तोच पाळी संपते. २० मुलं असतील तर पावणेदोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाईंना कळतं, की हा ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतोय आणि त्याच्या शेजारची पाठ केलेलं म्हणतेय, वाचत नाहीये. वह्यांचंही तेच. एक वही नीट तपासायला दोन मिनिटं धरली, तर साठ वह्यांना दोन तास लागतात. म्हणून साठांच्या वर्गातल्या वहीत फक्त बरोबरची खूण आणि सही असते. चूक कुठे झाली, हे त्या सहीतून मुलाला कधी कळत नाही. लहान वयातच छोट्या वर्गाचा लाभ ठळक दिसतो, तो यामुळे.

पण मोकळा झालेला वेळ शिक्षक वापरतो का, हा खरा प्रश्न. लंडनमधले शिक्षणाचे अभ्यासक पीटर ब्लॅचफर्ड यांनी वर्गात बसून वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. छोट्या वर्गात शिक्षक एकेकट्या मुलाशी जास्त बोलतात आणि मागे पडलेली मुलं कमी भरकटतात, हे त्यांना दिसलं. पण शिकवण्याची पद्धत आपोआप बदलते असं मात्र दिसलं नाही. ज्याला फळ्याशी उभं राहून सगळ्यांना एकच सांगायची सवय आहे, तो वीस मुलांपुढेही तेच करतो.

इस्रायलची कथा आपल्या एकसष्टाव्या मुलाशी अगदी सख्खं नातं सांगते. मायमोनिडीज हा बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री आणि वैद्य. एका शिक्षकाकडे पंचवीस मुलं असावीत, त्याहून जास्त झाली तर चाळीसपर्यंत मदतनीस द्यावा आणि चाळिसाच्या वर गेली तर दुसरा शिक्षक नेमावा, असा नियम त्यानं लिहून ठेवला. आधुनिक इस्रायलनं चाळिसाची मर्यादा घेतली. म्हणजे इयत्तेत ४० मुलं असतील तर एकच वर्ग चाळिसाचा आणि ४१ असतील तर एक विसाचा, एक एकविसाचा. एका मुलाच्या फरकानं वर्ग निम्मा होतो आणि तो फरक बहुतेकदा योगायोगाचा. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लाव्ही या अर्थतज्ज्ञांनी १९९९ साली हाच उंबरठा पकडून ४० आणि ४१ च्या आसपासच्या शाळांची तुलना केली. पाचवीच्या मुलांना छोट्या वर्गाचा चांगलाच फायदा झालेला त्यांना आढळला. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ साली नोबेल मिळालं, ते अशा नैसर्गिक प्रयोगांतून कारण आणि परिणाम वेगळे कसे काढायचे, या पद्धतीवरच्या कामासाठी.

वीस वर्षांनी त्यांनीच नवी आकडेवारी घेऊन हा अभ्यास परत केला. या खेपेला फायदा दिसला नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष नव्या आकड्यांत टिकत नाही हे छापून सांगायला धाडस लागतं, ते त्यांनी केलं. तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. उंबरठ्याच्या जरा वर असलेल्या शाळा संशय यावा इतक्या जास्त होत्या. जादा वर्ग मंजूर व्हावा म्हणून काही मुख्याध्यापक पट ढकलून चाळिसाच्या वर नेत होते आणि तिथल्या शिक्षण खात्याला तसं करू नका अशी ताकीद द्यावी लागली होती. संचमान्यतेचा सप्टेंबर जेरुसलेमलाही असतो म्हणायचा.

आता गरीब देशांकडे येऊ, कारण तिथले वर्ग टेनेसीच्या कल्पनेपलीकडचे असतात. केनियानं २००३ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पहिलीचे वर्ग ऐंशीच्या घरात गेले. मायकेल क्रेमर, एस्थर डफ्लो आणि पास्कलीन ड्यूपा या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातल्या शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक देऊन हे वर्ग निम्मे केले. ऐंशीचे चाळीस! टेनेसीपेक्षा कितीतरी मोठी घट. अपेक्षा अशी, की निकाल उसळी घेईल. पण कायमस्वरूपी शिक्षकाकडे राहिलेल्या निम्म्या मुलांत दखलपात्र सुधारणा झाली नाही. कंत्राटी शिक्षकाच्या वर्गातली मुलं पुढे गेली, कारण तो शिक्षक वर्गात जास्त हजर असायचा. काही शाळांनी वर्ग विभागताना मुलांच्या पातळीप्रमाणे दोन गट केले होते. तिथे वरच्या आणि खालच्या, दोन्ही गटांना फायदा झाला. समोरच्या मुलांना काय येतं यातला फरक कमी झाला, की शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आणि मग मुंबई. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेनं महापालिकेच्या शाळांमध्ये ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीच्या वर्गातली जी पंधरा-वीस मुलं अजून अक्षरं आणि आकड्यांतच अडखळत आहेत, त्यांना शाळेच्या वेळेतच रोज दोन तास बाजूला घ्यायचं. शिकवणार कोण? त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. बसायला खोली नसेल तर व्हरांडा, नाहीतर जिना. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची चिठ्ठ्या टाकून तपासणी केली. पहिल्या वर्षी सुधारणा चांगली होती, दुसऱ्या वर्षी ती दुप्पट झाली. टेनेसीतल्या छोट्या वर्गानं जेवढं साधलं, त्याहून हे जास्त होतं, आणि खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

पण मला त्या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. बालसखीनं पंधरा-वीस मुलं बाहेर नेली, म्हणजे दोन तासांपुरता मागे उरलेला वर्ग लहान झाला. तोही कच्ची मुलं वगळून. शिक्षकाला याहून सोयीचा वर्ग कुठला? तरीही त्या मागे राहिलेल्या मुलांच्या शिकण्यात काही फरक दिसला नाही. शिक्षक होता तिथून, पाठ्यपुस्तकाच्या त्याच पानावरून, त्याच गतीनं पुढे गेला. फरक पडला तो व्हरांड्यातल्या मुलांना, कारण त्यांना कुणीतरी ते जिथे अडले होते तिथून शिकवत होतं. टेनेसीतल्या मदतनीस बाईला ठरलेलं काम नव्हतं; मुंबईच्या बालसखीला ठरलेली मुलं, ठरलेला वेळ आणि ठरलेलं उद्दिष्ट होतं. सिंगापूरनंही काहीसं असंच केलं आहे. बहुतेक वर्ग चाळिसांचे ठेवले, पहिली-दुसरीची मर्यादा तीसवर आणली आणि वाचनात मागे असलेल्या लहान मुलांना आठ-दहांच्या गटात रोज थोडा वेळ वेगळं शिकवलं.

आपल्याकडे हा विषय निघाला की सरकार सरासरी पुढे करतं: राज्यात तीसहून कमी मुलांमागे एक शिक्षक आहे, मग तक्रार कसली? या सरासरीनं फार घोटाळे केले आहेत. समजा, एका वर्गात १० मुलं आहेत आणि दुसऱ्यात ९०. वर्गांची सरासरी ५०. पण मुलांना विचारा. शंभरातली नव्वद सांगतील, आमच्या वर्गात नव्वद आहेत. मुलांच्या बाजूनं मोजलं तर सरासरी येते ८२. गर्दीच्या वर्गात गर्दीनंच मुलं असतात, म्हणून कागदावरची सरासरी ही बहुतेक मुलांच्या अनुभवापेक्षा नेहमी सुखाची दिसते.

खेड्यात घोटाळा उलट बाजूनं होतो. ४४ पटाची द्विशिक्षकी शाळा घ्या. शिक्षकामागे २२ मुलं, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांगितलेल्या तिसाच्या आत, वंचित भागांसाठी सांगितलेल्या पंचविसाच्याही आत. कागदावर टेनेसी. प्रत्यक्षात एका बाईंकडे पहिली आणि दुसरी, दुसऱ्या गुरुजींकडे तिसरी, चौथी, पाचवी. गुरुजी पाचवीला अपूर्णांकांची उदाहरणं लिहून देतात, चौथीला शुद्धलेखन आणि तिसरीला गोष्ट वाचायला घेतात. तिसरीच्या तासाची बारा मिनिटं. त्यात चौथीतल्या एकाचं लेखन संपलं म्हणून तो उठला, पाचवीतली शंका घेऊन आली. तेवढ्यात तालुक्याहून फोन येतो, अमुक माहिती बारा वाजेपर्यंत ऑनलाइन भरा. एखाद्या दिवशी बाई प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेल्या, की गुरुजी ४४ मुलांचे आणि पाच इयत्तांचे. या वर्गाचा आकार किती म्हणायचा?

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त आहेत, असं २०२३ साली शिक्षण खात्याकडूनच सांगण्यात आलं. त्या एकत्र करून समूह शाळा काढाव्यात, असा विचार तेव्हा पुढे आला आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत यांचे दाखले दिले गेले. प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक मिळतो, सोबतीला मुलं मिळतात, हे त्यातलं खरं बळ आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. पण सहा वर्षांच्या मुलीनं पावसाळ्यात ओढा ओलांडून किंवा जीपमधून लटकत जायचं असेल, तर ती शाळेत जाणारच नाही. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा म्हटलंय, ते याचसाठी. चौथी-पाचवीनंतर, वाहन नक्की असेल तिथे एकत्रीकरण करावं. पहिली-दुसरी वस्तीतच राहावी, असं माझं मत आहे.

पैसा अपुरा आहे हे गृहीत धरलं, तर तो कुठे घालावा याबद्दलही या सगळ्या अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट बोध होतो. सगळ्या इयत्तांत पाच-सात मुलं कमी करण्यात तो उडवू नये. पहिली आणि दुसरी खऱ्या अर्थानं लहान कराव्यात, वीस-पंचवीसच्या आत, आणि तिथे सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: मुरलेला शिक्षक वरच्या वर्गाला, कारण तिथे शिष्यवृत्तीचे निकाल दिसतात, आणि नवखा पहिलीला. तिसरीपासून पुढे दिवसातला एखादा तास इयत्ता विसरून मुलांचे पातळीप्रमाणे गट करावेत. त्याला नवी खोलीही लागत नाही आणि नवं पदही. शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामातून सोडवणं हा तर वर्ग लहान करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. जो शिक्षक आठवड्यातला एक दिवस बाहेर असतो, त्याच्या मुलांना जवळपास पाचव्या हिश्शाचा शिक्षक कमी मिळतो, मग पट कितीही असो.

पालकांसाठी एक माहिती. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा तयार करण्याचं काम कायद्यानं तिच्याकडे दिलं आहे. येत्या तीन वर्षांत कोणत्या इयत्तेत किती मुलं असतील आणि त्यांना किती शिक्षक लागतील, हे त्या आराखड्यात इयत्तावार लिहायचं असतं. बहुतेक शाळांत तो कागद मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि पालक सही करून मोकळे होतात. पुढच्या बैठकीला जा, तो आराखडा मागून वाचा आणि पहिलीच्या वर्गाला स्वतंत्र शिक्षक हवा, ही मागणी त्यात लेखी घाला.